‘जिनी मे’वर स्टेट टॅक्स नाही? कुणी सांगितलं?

बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: “जिनी मेचे रोखे घ्या. सरकारी हमी, दर महिन्याला पैसे, ट्रेझरीसारखाच स्टेट टॅक्स शून्य. येणारी रक्कम म्हणजे आपलंच मुद्दल, त्यावर कर कसला? भाव पडला तर विका, दुसऱ्या दिवशी परत घ्या आणि तोटा वजा करा.” (जिनी मे ही अमेरिकन सरकारची संस्था. तिची हमी असलेले रोखे म्हणजे घरकर्जांच्या गठ्ठ्यातला वाटा; कर्जदारांचे हप्ते दर महिन्याला रोखेधारकाकडे येतात.) परवा आमच्या काकांनी तो फॉरवर्ड मला पाठवला, खाली “घेऊन टाकू का?” असं विचारत. निवृत्तीचे पैसे आहेत त्यांचे, म्हणून हा खटाटोप.

हमी खरी आहे, तेवढं मान्य. कर्जदारांनी हप्ते थकवले तरी मुद्दल-व्याज वेळेवर मिळेल, याला अमेरिकन सरकार बांधील आहे. फॅनी मे, फ्रेडी मॅक या घरकर्जांच्याच क्षेत्रातल्या कंपन्यांना तसं पाठबळ नाही. पण हमी सरकारची म्हणून कर्जही सरकारचंच, ही उडी कुठून मारली? जामीन राहिला म्हणून कोणी कर्जदार होतो का? ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या रोख्यांच्या, व्याजावर राज्यांना कर लावता येत नाही, कारण तिथे देणेकरी खुद्द सरकार असतं. जिनी मेचे रोखे काढतात खासगी कर्जसंस्था. नेमका हाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रॉकफर्ड लाइफ इन्शुरन्स विरुद्ध इलिनॉय महसूल खातं, 1987. न्यायालयाने एकमताने सांगितलं की इथे सरकारची जबाबदारी दुय्यम आणि ‘वेळ आली तरच’ अशी आहे, त्यामुळे ती सूट इथे लागू नाही. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, तरी हे फॉरवर्ड चालूच!

कॅलिफोर्नियात 9.3 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर 5,000 डॉलर व्याजावर 465 डॉलर राज्याचे. फेडरल कर वेगळा, तोही नेहमीच्या दराने. फॉरवर्ड लिहिणारा बहुधा टेक्सासचा असावा. तिथे स्टेट इन्कम टॅक्सच नाही, त्याचं काय जातंय? इथे मात्र व्याज दडवलं तर ब्रोकरच्या 1099ची (मिळालेलं व्याज कळवणाऱ्या फॉर्मची) प्रत आयआरएसकडे, म्हणजे फेडरल करखात्याकडेही असते.

मुद्दलाचं म्हणणं अर्धं बरोबर. समजा महिन्याला 300 डॉलर आले, त्यात 110 व्याज आणि 190 मुद्दल. ते 110 पूर्ण करपात्र. दर्शनी किमतीलाच घेतले असतील तर 190वर कर नाही. पण काकांना ब्रोकरने दिलेला भाव 96 आहे, म्हणजे 100 डॉलर मुद्दलामागे 96 डॉलर. म्हणजे परत येणाऱ्या मुद्दलात तो चाराचा फरकही थोडा थोडा परत येतो, आणि तो सहसा भांडवली नफा नव्हे, साधं उत्पन्न धरला जातो.

राहिलं ‘विका आणि परत घ्या’. वॉश सेलचा नियम सरकारी हमी बघत नाही. विक्रीच्या आधी किंवा नंतर 30 दिवसांत तोच रोखा घेतलात, तर तोटा तेव्हा वजा होत नाही. तो नव्या खरेदीच्या किमतीत मिळवला जातो.