फीडर राहू द्या, ज्वारीचं एक तास ठेवा

डिसेंबर लागला की व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ फिरतोच. बर्फानं पांढरी झालेली बाग, झाडाला टांगलेली दाण्यांची नळी, म्हणजे फीडर, तिला चिकटलेली इवली पाखरं आणि खाली मराठीत मजकूर : थंडीत पक्ष्यांची उपासमार होते, गॅलरीत मूठभर दाणे ठेवा. यंदा तो आमच्या गावच्या ग्रुपवरही आला. गावच्या! तूर शेंगांनी वाकली आहे, हरभरा फुलावर आहे, आणि आमच्याकडे गॅलरी म्हणावी अशी वस्तू ग्रामपंचायतीलाच काय ती आहे.

माझं मत सरळ आहे. विदर्भातल्या हिवाळ्यात पाखरांसाठी ताटलीत दाणे ठेवायची गरज नाही. त्यांना दाणा हवाय, पण तो वावरात, कणसावर. म्हणून म्हणतो, ज्वारीचं एक तास, म्हणजे पेरलेली एक ओळ, त्यांच्यासाठी ठेवा.

त्या व्हिडिओतली थंडी खोटी नाही, फक्त ती आपली नाही. लंडनला डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम आठ तासांचा. उरलेली सोळा तासांची रात्र ते दहा-वीस ग्रॅमचं पाखरू अंगातली चरबी जाळून काढतं आणि सकाळी बघतं तर जमीन गोठलेली. तिथे ती नळी खरोखर जीव वाचवते. नागपूरला वर्षातला सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. पारा आठ-नऊवर आला की आपण शेकोटीपाशी बसतो, पण दहा वाजेपर्यंत ऊन वर येतं, किडे उडायला लागतात आणि पाखरांचं दुकान उघडतं. आपल्याकडचा खरा कठीण काळ एप्रिल ते जून. पंचेचाळीसच्या वर तापमान, नाले कोरडे, बोअर आटलेले. तेव्हा सावलीत पाण्याचं मातीचं भांडं ठेवा, रोज घासून. त्या पुण्याला तोड नाही.

शिवाय ताटलीवर येतं कोण? पारवे, चिमण्या, फार तर होले. हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारे बरेच पाहुणे वेगळेच असतात. शेण्याच्या ढिगावर शेपटी हलवत फिरणारा धोबी, कुडाच्या भिंतीवर थरथरणारा थिरथिरा, तुरीच्या शेंड्यावर बसलेला गप्पीदास. हे सगळे किडे खाणारे. थिरथिऱ्यापुढे तांदळाची परात ठेवली तरी तो ढुंकून बघायचा नाही. म्हणजे दाण्यांवर पोसले जातात ते पारवे, आणि पारव्यांचं पुढे काय होतं ते २०२५ मध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांवरून झालेल्या रणकंदनात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. हायकोर्टापर्यंत गेलं ते.

आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओत नसते. ज्या ब्रिटनमध्ये घरोघरी फीडर आहेत, तिथे २००५ नंतर ग्रीनफिंच नावाचं साधं, अंगणातलं पाखरू घशाच्या रोगानं झपाट्यानं कमी झालं. एकाच ताटलीत सगळ्यांनी खायचं, तिथेच आजारी पाखराची लाळ पडायची, तिथेच विष्ठा. २०२१ मध्ये ते तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. पक्ष्यांसाठी काम करणारी तिथली सर्वांत मोठी संस्था, आरएसपीबी, हिनं २०२५ मध्ये सपाट फीडरची विक्रीच थांबवली. हा रोग मुळात पारव्या-होल्यांचा, म्हणजे आपल्या ताटलीवर येणाऱ्या मंडळींचाच. ज्यांच्याकडे ही सवय घरोघरी आहे ते आता जपून वागतायत आणि आपण आत्ता ऑनलाइन फीडर मागवतोय.

मग हिवाळ्यात आपल्या पाखरांना काहीच कमी नाही का? आहे. ज्वारी कमी आहे.

आबाजींच्या काळी आमच्या शिवारात खरिपाची ज्वारी मुख्य पीक होती. दिवाळीच्या आगेमागे कणसं भरायची आणि भोरड्या उतरायच्या. मध्य आशियाकडून येणारी ही गुलाबी-काळी पाखरं, शेकड्यांनी. त्यांच्यामागे पिवळ्या छातीचे भारीट. वावरात माळा, माळ्यावर गोफण घेऊन पोरगं. नुकसान व्हायचंच, शिव्याही भरपूर पडायच्या. पण मग खळं व्हायचं, उपणताना सांडायचं, कडब्याच्या गंजीत चुकार कणसं राहायची, आणि चिमण्या, मुनिया, सुगरणी फाल्गुनापर्यंत त्यावर निघायच्या. पाखरांना खाऊ घालतो असं कोणी म्हणत नव्हतं. उलट हाकलतच होते.

आता सोयाबीन. ऑक्टोबरात सोंगलं, थ्रेशरमधून काढलं, पोती भरली, कुटार उरलं. तो दाणा मुनियाच्या किंवा भारिटाच्या चोचीला झेपत नाही. बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तिच्यात तर दाण्याचा प्रश्नच नाही. शेतकऱ्यानं ज्वारी सोडली ती काही शौकानं नव्हे. बैल गेले, तसा कडबा नकोसा झाला. परतीच्या पावसात कणीस काळं पडतं. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत पट्टा लोळवतात. राखायला माणूस मिळत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तालुक्याला बॅनर लागले, भाकरीचे फोटो निघाले; आमच्या शिवारात त्यानं पेरा काही वाढला नाही.

यात एक फास आहे. सगळे पेरायचे तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जायचं, कोणाच्याच घरची चूल विझायची नाही. आता एखादाच पेरतो आणि पंचक्रोशीतले सगळे थवे त्याच्याच वावरात. मागच्या खरिपात शेजारच्या काकांनी दोन एकर लावली होती. हातात अर्धीही आली नाही. मी हळहळलो तर म्हणाले, "साऱ्या शिवारात माह्या एकट्याचीच जवारी. पाखरानं तरी जावं कुठीसा?" रागावले नव्हते. फक्त पुढच्या वर्षी सोयाबीन लावणार म्हणाले. म्हणजे दोन एकर आणखी कमी, आणि पुढच्या वेड्याच्या वावरात थवा तेवढा मोठा.

म्हणून शहरातल्या, आणि नोकरीवाल्या गावातल्याही, मित्रांना माझी सूचना : फीडर घेऊ नका, तास घ्या; म्हणजे शेतकऱ्याला पैसे देऊन एक ओळ पाखरांसाठी सोडायला सांगा. हिशेब सांगतो. ज्वारीच्या दोन ओळींत दीड फूट अंतर असतं. चौरस एकरात साधारण १४० तासं बसतात. एकरी दहा क्विंटल उतारा धरला तर एका तासाला सात किलो ज्वारी. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल, म्हणजे एक तास पडलं दोनशे साठ रुपयांना. प्लास्टिकचा फीडर आणि त्यात घालायची दाण्याची पिशवी यापेक्षा महाग पडते. दहा जणांनी मिळून धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, दहा तासं बोलून ठेवली, तर शेतकऱ्याला राखण करावी लागत नाही, आणि उभ्या कणसावर पाखरं पांगून खातात, एका ताटलीत तोंडं घालत नाहीत. पैसे पेरणीआधी द्यायचे. रोही खाऊन गेला तरी परत मागायचे नाहीत, कारण तासावर 'पाखरांसाठी' अशी पाटी लावली तरी रोह्याला ती वाचता येत नाही.

दुसरं, धुरा. आजकाल धुऱ्यावर तणनाशक मारून तो चकाचक ठेवणं म्हणजे शेती चांगली, असं झालंय. त्या गवताचं बी हेच मुनियांचं हिवाळ्याचं जेवण आहे, आणि बोरीच्या झुडपात निम्मी पाखरं रात्र काढतात. एका बाजूचा तरी धुरा सोडा. फुकट आहे.

हिवाळ्यात हातानं टाकायची एक जागा मात्र मला मान्य आहे, ती हरभऱ्याची. काही शेतकरी हरभऱ्यात मुरमुरे फेकतात. साळुंक्या मुरमुऱ्यांसाठी उतरतात आणि उतरल्यावर घाटेअळीही टिपतात. कृषी विभाग पक्षीथांबे लावायला सांगतो ते याच अळीसाठी. दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून रोवायच्या, वर कोतवाल पक्षी येऊन बसतो आणि तिथून झेप घेतो. फक्त फवारणी केलेल्या वावरात पाखरं बोलावू नका. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसं मोजली गेली. त्या वावरांत पाखरं किती पडली, ते कोण मोजणार होतं?

नागपूर-अमरावतीकरांना आणखी एक. जानेवारीत पाखरांवर दया करायचीच असेल तर पोराच्या हातातला नायलॉन मांजा काढून घ्या. २०१७ पासून त्यावर बंदी आहे आणि संक्रांतीला तो झाडाझाडावर लटकलेला असतो.

कोणी म्हणेल, राजस्थानातल्या खिचनला अख्खं गाव करकोच्यांना दाणे टाकतं, हजारो येतात, २०२५ मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. खरं आहे आणि सुंदर आहे. पण तिथे गावानं चुग्गाघर, म्हणजे दाणे टाकायची राखीव जागा, बांधलंय, पिढ्यान्‌पिढ्या शिस्तीत चालवलंय. आपण तीन दिवस स्टेटस ठेवून चौथ्या दिवशी भिजलेले दाणे तसेच सोडून देतो.

आणि घरी आजारी, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, खिडकीतली चिमणी हाच त्याचा विरंगुळा असेल, तर खुशाल ठेवा दाणे. थोडे ठेवा, रोज जागा पुसा, मांजरीच्या टप्प्याबाहेर ठेवा. त्याला माझा विरोध असायचं कारण नाही.

यवतमाळ-वाशीमकडे येत्या खरिपात कोणी ज्वारी लावणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, मी तास घेणारे गोळा करतो. दहा तासं मी स्वतः काकांकडे बोलून ठेवली आहेत. सोयाबीनचा बेत त्यांनी अर्धा एकर मागे घेतलाय. कडबा त्यांचा, कणसं पाखरांची, आणि अर्धे पैसे त्यांनी आत्ताच मागितलेत.