एमडीचा बंदोबस्त, लेखाशीर्ष उपलब्ध असल्यास

जिल्हा नियोजन समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन. पहिल्याच बैठकीत कुणीतरी उठेल आणि सांगेल की कॉलेजच्या मागच्या गल्लीत एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या मिळतात. गडबडू नका. अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात. तुम्ही "बाब गंभीर आहे" एवढं म्हणा आणि निधी मागा. निधी मिळेल. तो कशावर खर्च होऊ द्यायचा नाही, तेवढंच शिकायचं आहे.

आधी गाड्या घ्या. रांगेत उभ्या करून नारळ फोडता येतो, हिरवा झेंडा दाखवता येतो. डिझेलचं विचारू नका, ते दुसऱ्या लेखाशीर्षाचं, म्हणजे अंदाजपत्रकातल्या दुसऱ्या खर्चसदराचं दुखणं. मग सीसीटीव्ही. खांब, केबल, कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन. देखभालीचा करार मात्र अंदाजपत्रकात घालू नका, आकडा उगाच फुगतो. दोन पावसाळ्यांनंतर कॅमेऱ्यात फक्त कोळ्याचं जाळं दिसू लागलं, तर तोही सापळाच म्हणायचा.

वजनकाट्याच्या वाटेला मुळीच जाऊ नका. एमडी, म्हणजे मेफेड्रॉन, २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आणि ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक मात्रा. ५० ओलांडले की १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि जामिनाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३७ ची आडकाठी. अलीकडे राहिलं की सगळंच सैल. इतकं ज्या आकड्यावर लटकलंय तो मोजायला पोलीस ठाण्याला चांगला प्रमाणित काटा देणं म्हणजे पैशाचा अपव्यय. काटा सराफाकडून मागवावा. पिशवीसकट मोजलं की पिशवी वगळून, हे पंचनाम्यात मोघम राहू द्यावं. ५१ ग्रॅममध्ये प्लॅस्टिक किती, या प्रश्नावर बचाव पक्षाच्या वकिलांची घरं चालतात. त्यांच्या पोटावर पाय कशाला?

चाचणी किट घ्यावीच लागली, तर मार्चअखेरीस एकरकमी घ्या. आतल्या रसायनांना मुदत असते, तेव्हा पाच वर्षांची किट एकाच वर्षी घेतली की पुढची चार वर्षं कपाटही भरलेलं आणि हरकतही नाही.

प्रशिक्षणाला एक रुपया नको. त्याच कायद्याचं कलम ४२ म्हणतं, मिळालेली खबर लिहून काढा आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांना पाठवा. कलम ५० म्हणतं, अंगझडतीआधी त्या माणसाला सांगा की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. कलम ५२अ म्हणतं, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढा. चांगले चांगले खटले या तीन कागदांवर आपटतात. हे हवालदाराला शिकवायला एक सभागृह, एक अनुभवी सरकारी वकील आणि दोन दिवसांचा चहा-नाश्ता पुरतो. अडचण अशी की त्याचं उद्घाटन करता येत नाही. प्रयोगशाळेचंही तेच. यंत्र द्या, फीत कापा. ते चालवायला रसायन विश्लेषक आहे का, हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, येईल तेव्हा येईल.

आता हद्दीचं प्रकरण, आणि खरी हुशारी इथेच लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तो मुंबईच्या साकीनाका पोलिसांना. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांनी माग काढला, तो निघाला दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत, म्हणजे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. साठा पुढे सांगलीच्या कुपवाडमध्ये आणि थेट दिल्लीत. एमडी बिचारी जिल्हा वार्षिक योजना वाचत नाही. पण तुम्ही वाचता ना? तुमचा निधी तुमच्या जिल्ह्याचा. शेजारच्या जिल्ह्यासोबत मिळून बंद पडलेल्या, भाड्याने दिलेल्या रासायनिक कारखान्यांची यादी करावी, कुलूप लागलेल्या शेडचं वीजबिल अचानक का वाढलं हे बघायला एक कारकून बसवावा, असं कुणी सुचवलं तर शांतपणे तीन प्रश्न विचारा. कारकून कुणाच्या आस्थापनेवर? बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, रक्कम कोणता जिल्हा काढणार? उपयोगिता प्रमाणपत्रावर सही कुणाची? तिसऱ्या प्रश्नापर्यंत सूचना करणारा खाली बसलेला असतो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एनकॉर्डची, म्हणजे अमली पदार्थविरोधी समन्वयाची, जिल्हा समितीही असते. तिथे शेजारच्या स्थानिक गुन्हे शाखेचा निरीक्षक बोलावण्याचा मोह आवरा. त्याच्याकडे पेडलरची नावं असतील, तुमच्याकडे पुरवठादाराचं नाव असेल, दोन्ही एका टेबलावर आली की काम वाढतं.

व्यसनमुक्तीचं फार मनावर घेऊ नका. ठरावीक प्रकरणांत, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४अ खटल्यातून सूट देतं खरं, पण त्यासाठी जिल्हा रुग्णालयात खाट आणि मानसोपचारतज्ज्ञ लागतो. २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेरीला टोप्या आणि फलक पुरतात.

फेब्रुवारीत खर्च अर्ध्यावर अडकलेला दिसेल. पुनर्विनियोजन करून, म्हणजे निधी दुसऱ्या कामाकडे वळवून, पेव्हर ब्लॉक बसवा; त्याच गल्लीत बसवले तर विषयाशी संबंधही राहतो. इतिवृत्तात एवढंच लिहा: "सदर बाब लगतच्या जिल्ह्यांशी निगडित असल्याने वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात यावे." जावक क्रमांक टाकायला मात्र विसरू नका, पुढच्या बैठकीत तोच वाचून दाखवायचा असतो.