पॅड फाइल गेली कुठे?

जुन्या मदरबोर्डच्या बायोस इमेजमध्ये, म्हणजे फ्लॅश चिपवर असलेल्या फर्मवेअरच्या फाइलमध्ये, एक ड्रायव्हर घालायचा होता. एकच. एनव्हीएमई डिस्कवरून बूट करता यावं म्हणून लागणारा डीएक्सई (रॅम उठल्यावर चालणारा) ड्रायव्हर, जेमतेम वीसेक केबीचा. यूईएफआयटूल या इमेज उघडून बदलणाऱ्या टूलमध्ये शेवटच्या डीएक्सई ड्रायव्हरवर राइट क्लिक, ‘इन्सर्ट आफ्टर’, सेव्ह, विषय संपला. आणि सेव्ह झालेली इमेज पुन्हा उघडून बघावी तर पॅड फाइल, म्हणजे फाइलींच्या मधली जागा भरून ठेवणारी फाइल, गायब! एरर नाही, वॉर्निंग नाही, खालच्या मेसेजच्या खिडकीत शुकशुकाट. फाइलचा आकार तोच, ८ एमबी, एका बाइटचा फरक नाही. वरवर बघणाऱ्याला वाटेल, वा, काय सुरेख काम झालंय, करा फ्लॅश, म्हणजे लिहा चिपवर. केलं की पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि बोर्ड चालू-बंद, चालू-बंद करत बसतो.

रिबिल्ड करणाऱ्या टूलाला मधली रिकामी जागा दिसली की ती गिळायची, एवढंच कळतं. अरे, ती जागा उरली म्हणून नाही ठेवलेली, पुढच्या फाइलचा पत्ता हलू नये म्हणून ठेवलीय! नुसती एफएफ या रिकाम्या बाइटने भरलेली असेल तर एक वेळ चालेल, लांबी कमीजास्त करून पुढचं सगळं जागेवर आणता येतं. पण जिच्यापुढे ‘नॉन-एम्प्टी’ लिहिलंय तिच्या पोटात बोर्डवाल्याने काहीतरी कोंबलेलं असतं, आणि ते ठरलेल्या पत्त्यावरच सापडायला हवं असतं. ती उडाली की पुढचं सगळं सरकलं. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या दुरुस्त्यांचा कोड) सरकला, पण प्रोसेसर वाचतो त्या एफआयटी तक्त्यात पत्ता जुनाच, कारण तिथे थेट मेमरीतले पूर्ण पत्ते लिहिलेले. तक्त्याचा पॉइंटर ४ जीबीच्या ६४ बाइट खाली. प्रोसेसर तिथून तक्त्याकडे जाणार, तक्त्यातून मायक्रोकोडकडे, आणि तिथे मायक्रोकोडचं हेडर नाहीच, भलतंच काहीतरी पसरलेलं. पीईआय, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यातली, मॉड्यूलं तर याहून नाजूक. रॅम उठायच्या आधी ती जागच्या जागी फ्लॅशमधूनच चालतात, बेस अ‍ॅड्रेस आत कोरलेला, ८ बाइटनी सरकली तरी रिबेस करावी, म्हणजे आतले पत्ते बदलावे लागतात. आणि व्हॉल्यूम टॉप फाइल तर नावाप्रमाणे अगदी शेवटालाच चिकटलेली हवी, रीसेट व्हेक्टर, म्हणजे प्रोसेसर पहिली सूचना घेतो ती जागा, ४ जीबीच्या १६ बाइट खाली असतो, त्याला सुट्टी नाही.

म्हणजे आता हाताने. मूळ इमेज आणि नवी इमेज शेजारी-शेजारी उघडायची, दोन्ही झाडं शेवटपर्यंत उलगडायची आणि पॅड फाइली मोजायच्या. खरं तर दोन्हींचा टेक्स्ट रिपोर्ट काढून डिफ मारणं बरं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. एलझेडएमएने कॉम्प्रेस केलेल्या फाइलच्या आत (ड्रायव्हर तिथेच बसतो) हेक्स तुलना करून उपयोग नाही, एक बाइट बदलला तरी पुढचं अख्खं कॉम्प्रेशन बदलतं. पण त्या कॉम्प्रेस्ड फाइलच्या बाहेर तिचं स्वतःचं हेडर आणि तिच्या मागची पॅड फाइल सोडून कुठेही फरक दिसला, तर ती इमेज कचऱ्यात. मग नव्या इमेजमधली कॉम्प्रेस्ड फाइल ‘एक्स्ट्रॅक्ट अ‍ॅज इज’ने काढा, हेक्स एडिटरमध्ये मूळ इमेजच्या त्याच ऑफसेटवर चिकटवा आणि मागच्या रिकाम्या पॅड फाइलची लांबी तेवढी घटवा. २४ बाइटांचं हेडर, आकाराचे ३ बाइट उलट्या क्रमाने, सगळ्या फाइली ८ बाइटांच्या सीमेवर. हेडरचा चेकसम पुन्हा काढायचा, तोही स्टेट बाइट आणि डेटा चेकसम शून्य धरून, नाहीतर बेरीज जुळता जुळत नाही. डेटा चेकसमचं अ‍ॅट्रिब्यूट लावलेलं नसेल तर तिथे बहुतेक ठिकाणी एए हा ठरलेला बाइट असतो, त्याला हात लावू नका. हे सगळं कशासाठी? ‘इन्सर्ट आफ्टर’ या दोन शब्दांसाठी.

आणि कुणी म्हणू नका की टूलाची नवी आवृत्ती घ्या. यूईएफआयटूलचं नवं इंजिन इमेज झकास वाचतं, पण रिबिल्ड करतच नाही. लिहायचं असेल तर जुनं ०.२८. वाचायला एक, लिहायला दुसरं, पडताळायला परत पहिलं. आता त्या माणसांना शिव्या तरी कशा द्यायच्या? फुकट, स्वतःच्या वेळात, कुणी कागदपत्रं न देता त्यांनी हे उभं केलंय. ज्यांच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत, पगारी माणसं आहेत, मूळ सोर्स आहे, ते काय करतायत?

ते काहीच करत नाहीयेत. तोच ड्रायव्हर त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीच्या बोर्डात मुकाट्याने बसलेला आहे. तिथून उचलायचा आणि इथे ठेवायचा, एवढंच काम. पण जुन्या बोर्डाला ते दिलं तर नवा बोर्ड कोण घेणार! मग शेवटच्या आवृत्तीची नोंद काय, तर ‘इम्प्रूव्ह सिस्टिम स्टॅबिलिटी’. कुठली स्टॅबिलिटी? काय बदललं? मायक्रोकोड कुठून कुठे नेला? ते लिहायला शाई लागते का? नव्या बोर्डांवर तर त्याच ओळीखाली बारीक अक्षरात असतं, या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही. वा रे स्टॅबिलिटी.

जागेचंही तेच. १६ एमबीची चिप लावून काही पैसे वाचवले, आणि २०१९ साली एएम४ बोर्डांवर नवे प्रोसेसर आले तेव्हा जागा पुरेना, म्हणून कुणी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला, कुणी चकचकीत मेन्यू काढून साधा बसवला. पण बूटचा लोगो? तो राहणारच! आणि त्या लोगोसाठी आत बीएमपी, जेपीईजी वाचणारे पार्सर, ज्यांत २०२३ साली भोकंच भोकं सापडली, लोगोफेल नावाने गाजली. माझा वीस केबीचा ड्रायव्हर मात्र यांच्या सुरक्षेला धोका. कंपनीचं फ्लॅश टूल म्हणतं, रॉम व्हेरिफाय फेल! विंडोजमधून इंटेलचं एफपीटी (चिपवर लिहिणारं टूल) चालवा, एरर २८०, बायोस लॉक आहे. लॉक कुठे काढायचा, तर मेन्यूत तो पर्याय असतो पण लपवलेला. मग सेटअप मॉड्यूल काढा, आयएफआर (मेन्यूचा कोड) काढा, पर्याय लपवणाऱ्या सप्रेस-इफच्या मागचे ४६ ०२ शोधून ४७ ०२ करा, म्हणजे ‘ट्रू’चं ‘फॉल्स’. पण हे बदललेलं लिहायला लॉक आधी उघडा हवा. झालं!

बरं, ही सुरक्षावाली मंडळी स्वतः काय करतात? २०२४ साली पीकेफेल उघडकीला आलं. सिक्योर बूटची मुख्य चावी म्हणून चाचणीसाठी दिलेली चावी तशीच बाजारात पाठवलेली, एकदोन नाही, शेकडो मॉडेलांत. त्या चावीच्या नावातच लिहिलंय ‘डू नॉट ट्रस्ट’. नावात! वाचायचे कष्टसुद्धा नाही घेतले कुणी. आणि मालकाने स्वतःच्या बोर्डाची इमेज बदलली की मात्र बूट गार्ड, इंटेलचं सही तपासणारं कुलूप, डोळे वटारतं. इंटेलच्या हॅसवेल पिढीपासून आलेलं हे खूळ. चावीचा हॅश चिपसेटमध्ये एकदा फ्यूज केला की कायमचा, मालक म्हणून तुमची सही तिथे चालत नाही. लॅपटॉपवाल्यांची वायफाय कार्डांची पांढरी यादी मी काढतच नाही, रक्तदाब वाढतो. खरेदी केलेल्या यंत्रात खरेदी केलेलं कार्ड बसवलं तर ते म्हणे ‘अनऑथराइज्ड’. अरे, ऑथर कोण तू?

थांबा, पाणी पितो.

तर हा सगळा त्रागा कशासाठी, ते जरा बघू. जुना बोर्ड, चिपसेटमधून येणारा पीसीआयई २.० चा चार लेनचा स्लॉट, त्यात ३.० ची एनव्हीएमई. म्हणजे सगळं नीट जमलं तरी डिस्क अर्ध्याच वेगाने धावणार. आणि पेनड्राइव्हवर क्लोव्हर हा बूटलोडर टाकून त्यातून हाच ड्रायव्हर लोड करून बूट करता येतं, बायोसला बोटही न लावता. माहीत आहे. कृपया सांगायला येऊ नका. पेनड्राइव्ह लावून बूट करणं हे ज्यांच्या तत्त्वात बसतं त्यांनी खुशाल करावं. आमच्या तत्त्वांची किंमत अंदाजे चार सेकंद बूट टाइम आहे, आणि ती आम्ही रात्र जागून मोजतो.

पण प्रोग्रामर, म्हणजे चिपवर बाहेरून थेट लिहिणारं यंत्र! त्या काळ्या सीएच३४१एबद्दल बोलल्याशिवाय मी झोपणार नाही. चिपला व्हीसीसी (वीजपुरवठा) ३.३ व्होल्ट, आणि डेटा लाइनवर बिनदिक्कत ५ व्होल्ट. हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत आहे, तरी तोच विकला जातो. प्रोग्रामरच्या बोर्डाला रेग्युलेटरची तार जोडून दुरुस्त करायचा, किंवा सरळ दुसरा घ्यायचा. चिप १.८ व्होल्टची असेल, बऱ्याच नव्या लॅपटॉपांत असते, तर मध्ये अ‍ॅडॅप्टर हवाच. चिपवरचा नंबर भिंगातून वाचल्याशिवाय तिचे पाय पकडणारी क्लिप लावू नका. डब्ल्यू२५क्यू१२८एफव्ही आणि एफडब्ल्यू यांत एका अक्षराचा फरक आहे आणि त्या अक्षराला दीड व्होल्ट.

क्लिप म्हणजे आणखी एक छळ. लाल तार पिन १ ला, चिपवरच्या ठिपक्याकडे. मेन केबल काढा, बोर्डावरची बॅटरी काढा. तरी डंप, म्हणजे चिपवरून वाचलेली प्रत, सगळा एफएफ किंवा सगळा शून्य येतो, कारण ८ नंबरच्या पिनेतून चिपबरोबर अर्धा बोर्ड वीज पितोय. तारा आखूड करा. तीनदा वाचा, तिन्ही हॅश जुळले तरच तो डंप. एकाच वाचनावर भरवसा ठेवून इरेज मारणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. डंपच्या सुरुवातीला १६ व्या बाइटपासून ५ए ए५ एफ० ०एफ दिसतंय का बघा, इंटेलचा डिस्क्रिप्टर (चिपवरच्या रीजनांची यादी) असाच सुरू होतो. चिप डब्ल्यूसॉन-८ असेल, पायच बाहेर नसलेली, तर क्लिप धरतच नाही. तिथे गरम हवेने चिप काढणं किंवा वरून प्रोब दाबून श्वास रोखून बसणं, एवढेच मार्ग.

मग वाचला कसाबसा मूळ डंप, लिहिली नवी इमेज, व्हेरिफाय झालं, बोर्ड उठला. नेटवर्क बघा. मॅक अ‍ॅड्रेस ८८:८८:८८:८८:८७:८८. म्हणजे कुणीतरी डंपमधला फक्त बायोस रीजन बदलायचं सोडून कंपनीची फाइल अख्ख्या चिपवर ओतली, आणि जीबीई (नेटवर्कच्या) रीजनमधला खरा पत्ता गेला. सीरियल नंबर, यूयूआयडी, विंडोजची चावी, सगळं त्याच वाटेने. कॅपसूलवाली, म्हणजे वेष्टनात बांधलेली, फाइल असेल तर पुढचं २०४८ बाइटांचं हेडरही तसंच ओततात काही महाभाग, मग बोर्डाने काय वाचावं? एमई (इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा) रीजन दुसऱ्याच्या चालू बोर्डावरून आणला तर तोही बिथरतो, आणि बिघडलेल्या एमईचा बोर्ड बरोबर ३० मिनिटांनी बंद पडतो. मग ‘पॉवर सप्लाय खराब आहे का’ म्हणून विचारणार.

आणि शेवटचं. ‘सेटअप व्हारचा ऑफसेट द्या ना, सेमच बोर्ड आहे’ म्हणणाऱ्यांनी माझ्यापासून दूर राहावं. ऑफसेट, म्हणजे सेटिंगची व्हेरिएबलमधली जागा, आवृत्तीगणिक बदलतात, ‘सेटअप’ नावाची व्हेरिएबलं एकाच इमेजमध्ये एकाहून जास्त असतात, चुकीच्या जागी १ लिहिला की पुढे क्लिप आहेच. डंप हवा असेल तर बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर आधी सांगा. १.० आणि १.१ एक नाहीत. ‘जवळजवळ एकच’सुद्धा नाहीत.