ट्रॅक पाठवा, ऐकू नका

तुम्ही गोव्याचे आहात. यापुढे दुसरी पात्रता लागत नाही. घर साखळीला, नोकरी पणजीला आणि पार्ट्यांसाठी गाजलेल्या हणजूणला शेवटचं जाणं झालं ते आतेबहिणीच्या वास्तुशांतीला, हे खरं असलं तरी चारचौघांत सांगायची गरज काय? पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लेखी गोव्यातला प्रत्येक मराठी माणूस सकाळी आधी ट्रान्स, म्हणजे यंत्रांवरचं ते ठोक्याचं नाचाचं संगीत, ऐकतो आणि मग दात घासतो. हा गैरसमज दूर करणं तुमचं काम नाही. तुमचं सगळं बस्तान त्यावरच बसायचं आहे.

तेव्हा उशीर करू नका. लोकांना ट्रॅक पाठवायला लागा आणि प्रत्येक ट्रॅकसोबत चार ओळी लिहा. वर्षभरात तुम्ही ‘इलेक्ट्रॉनिक संगीताचे जाणकार’ व्हाल. ऐकणं यात कुठे येतं, असं विचाराल तर कुठेच नाही.

ट्रान्सचा ट्रॅक सात-आठ मिनिटांचा असतो, कधी दहाचाही. सुरुवातीचं मिनिटभर नुसता ठोका, कारण डीजेला तो आधीच्या ट्रॅकमध्ये बेमालूम मिसळता यावा लागतो. एवढं बसून ऐकायला सवड असती, तर तुम्ही संगीतावर लिहायला कशाला बसला असतात? मधे कुठेतरी बोट ठेवा, वीसेक सेकंद ऐका, पुढे सरका. तेवढ्यात ड्रॉप (आवाज चढत जाऊन ठोका दणकन पडतो तो क्षण) सापडला तर ‘काय ड्रॉप आहे!’ लिहा. नाही सापडला तर ‘हा ट्रॅक संयम मागतो’ लिहा. दोन्ही वाक्यं गेली कित्येक वर्षं विनातक्रार चालू आहेत.

पाठवताना शक्यतो लिंक नको. क्लबात गर्दीतून हात वर करून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाठवा. किकचा, म्हणजे त्या ढोलासारख्या ठोक्याचा, खर्ज 50-60 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. त्यात तो आवाज झेलताना तुमच्या माइकचीही दमछाक झालेली असते. त्यामुळे समोरच्याला घरी ऐकू येतो तो पत्रा, आणि मधूनच कुणीतरी बाई ‘अरे, माझी चप्पल खंय गेली?’ म्हणून ओरडते ते. वर लिहा, ‘बेस बघा फक्त.’ सगळे वर केलेले अंगठे टाकतील. ऐकू न आलेल्या बेसला नावं ठेवायची कुणाची हिंमत होत नाही.

लिंक द्यावीच लागली, तर कलाकाराला चार पैसे मिळतील अशा जागेची देऊ नका. बँडकॅम्प नावाचं गाणी विकणारं एक संकेतस्थळ 2008 पासून आहे. 2020 पासून तर ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात आणि ती रक्कम संगीत करणाऱ्याला जाते. तिथे कलाकाराचं नाव, साल, लेबल सगळं उघड लिहिलेलं असतं. मग तुमची किंमत काय राहिली? कुणी नाव विचारलंच तर ‘अजून रिलीज नाही’ म्हणा आणि एक डोळा मिटलेला चेहरा टाका.

या लपवाछपवीला गोव्यात परंपरा आहे, असंही ठोकून देता येईल. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हणजूणला येणारी मंडळी युरोपातून कॅसेटी आणायची, पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेपा, आणायची. अजून बाजारात न आलेली गाणी हातोहात बदलली जायची, आणि ज्याच्याकडे टेप त्याचा भाव जास्त. वाळूत, उन्हात तबकड्या वाकतात, धुळीने खराब होतात, म्हणून टेप बरी. डॅटवर वेग कमी-जास्त करायची सोय सहसा नसायची, त्यामुळे एका ट्रॅकचा ठोका दुसऱ्याशी जुळवणं अवघड. म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठोक्याविना तरंगणारे लांबलचक भाग यायचे आणि सांधा तिथे मारला जायचा. इतपत तुम्ही सांगू शकता. फक्त पुढचं सांगू नका: तासाभराची डॅट उतरवून घ्यायला तासभर बसावं लागे, आणि त्या तासात नाइलाजाने ती ऐकली जाई. एकदा हे कळलं की लोक तुमच्याकडूनही तशी अपेक्षा करायला लागतात.

आता शैली. स्वतःचा वेगळा आवाज हवा, असं जो तो म्हणतो. तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे सगळे वापरतात ते शब्द आपण जरा जास्त ठासून वापरायचे. नमुना देतो: ‘हा ट्रॅक नव्हे, अंतर्यात्रा आहे. काळोखाच्या गर्भातून उगवणारा हा नाद तुम्हाला तुमच्यापाशी आणून सोडतो.’ वाक्य असं हवं की ट्रॅक बदलला तरी वाक्य बदलावं लागू नये. (हे वाक्य मी थोड्या फरकाने एका नामसप्ताहाच्या पत्रिकेत वाचलेलं आहे आणि तिथेही ते तितकंच बरोबर होतं.) ‘वाइब’ दर दोन ओळींनी एकदा, ‘ऊर्जा’ शेवटी एकदा. प्रकारांची नावं मोकळ्या हाताने पेरा: फुल-ऑन, डार्क साय, फॉरेस्ट, हाय-टेक. वेग कळत नसेल तर घाबरू नका. गोवा ट्रान्स मिनिटाला 140-150 ठोक्यांवर आणि हाउस हा नाचाचा दुसरा प्रकार 120-130 वर चालतो, हे घड्याळ लावून मोजणारा वाचक तुमच्या वाट्याला यायचा नाही.

एका माणसाला मात्र फार जपा. तुमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे जे बुवा आहेत, त्यांना चुकूनही ट्रॅक ऐकवू नका. ते हेडफोन डोक्यावर न घालता एकच बाजू कानाशी धरतील, डोळे मिटतील आणि मांडीवर बोटं मोजायला लागतील. जरा वेळाने म्हणतील, “रिषभ कोमल लावलाय, गंधार शुद्ध. भैरवाच्या वाटेने निघालाय खरा. पण न्यास कुठे करीत नाही रे हा, विसावतच नाही, नुसता रिषभाला टोचत बसलाय.” तुम्ही म्हणाल, बुवा, ती ॲसिड लाइन आहे, म्हणजे वळवळणारी बेसची ओळ, सोळा घरांच्या यंत्रावर बसवलेली. ते म्हणतील, “सोळा? मग तीनतालच की. पण याला खाली नाही, रिकामी टाळीच नाही. सगळ्या समाच मारतोय.” एवढ्यात ट्रॅकच्या मध्यावर किक थांबते, नुसते स्वर तरंगत राहतात. बुवांचा हात हवेतच उघडतो. “ही बघ, आली खाली! एवढ्या उशिरा?” मग फिल्टर उघडत जातो, आवाज चढत जातो, आणि किक परत पडते त्या क्षणी बुवा मान टाकून ‘हं’ म्हणतात, अगदी अभंगाच्या समेवर म्हणतात तसं.

हे तुम्ही लिहिलंत तर काय होईल बघा. वाचणारा म्हणेल, बघू या तरी खाली कुठे येते ती. तो हेडफोन शोधेल. ट्रॅक पहिल्यापासून लावेल. शेवटपर्यंत ऐकेल. आणि या सगळ्यात तुमची अंतर्यात्रा कुणी वाचणार नाही. म्हणून बुवांना गणपतीत आरतीच्या वेळी भेटा, घुमटवादनाची तारीफ करा आणि निघा.

इतिहास मात्र भरपूर हवा, आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत घडल्यासारखा हवा. हणजूणच्या पार्ट्यांचा डीजे गोवा गिल म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत 1951 साली जन्मलेला गिल्बर्ट लेव्ही. तो सत्तरच्या सुमारास इथे आला आणि 2023 मध्ये गेला. त्या दिवशी ‘गिल, तू आम्हाला ऐकायला शिकवलंस’ असं लिहिणाऱ्यांत तुम्ही नव्हता याची खंत बाळगू नका. पुण्यतिथी दर वर्षी येते. सनबर्न हा नाचगाण्याचा महोत्सव 2007 मध्ये कांदोळीला सुरू झाला तेव्हाच सगळं संपलं, हेही लिहून टाका. तेव्हा तुम्ही चौथीत स्कॉलरशिपचे पेपर सोडवत होता, ही बाब खाजगी आहे.

त्या जुन्या रात्रींची खरी माहिती हवीच असेल तर ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जाऊ नका. पार्टीच्या कडेला चटया अंथरून, स्टोव्ह पेटवून चहा आणि आम्लेट-पाव विकणाऱ्या गावच्या बायका रात्रभर जाग्याच असायच्या. अशा एखाद्या मावशीपाशी बसलात तर ती अंतर्यात्रेचं नाव काढणार नाही. रात्री गाणी कडक असायची आणि गिऱ्हाईक कमी, उजाडायच्या सुमाराला गाणी गोड व्हायची आणि मग सगळे एकदम चहाला यायचे, म्हणून दूध पहाटेसाठी राखून ठेवावं लागायचं, असलं काहीतरी ती सांगेल. डीजे रात्र कशी रचतो यावर तुम्ही जे पुस्तकी लिहाल ते सगळं त्या दुधाच्या हिशेबात आलं. असल्या मजकुरात ‘ऊर्जा’ घालायला जागाच उरत नाही.

अभिमानाचा मुद्दा हवा असेल तर चरणजित सिंग घ्या. या मुंबईच्या वादकाने 1982 साली रोलंड कंपनीच्या 303 या बेसच्या आणि 808 या तालाच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून ठेवले. तेच 303 पुढे शिकागोत ॲसिड हाउसचा आत्मा ठरलं आणि त्याचीच ती चिरकी, वळवळणारी ओळ हणजूणच्या ट्रान्समध्ये उतरली. ‘ॲसिड हाउस आपण शोधलं, जगाला माहीत नाही, दहा जणांना पाठवा’ एवढंच लिहा. 303 हे मुळात गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं यंत्र होतं, त्या कामात ते साफ पडलं, 1984 मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने गेलं म्हणून पोरांच्या हाती लागलं, ही गोष्ट गाळा. सिंगांची तबकडी तेव्हा फारशी खपली नाही आणि 2010 साली पुन्हा निघेपर्यंत तिची कुणी चर्चाही केली नाही, हेही गाळा. आणि मुंबई गोव्यात नाही, ही हरकत घेणाऱ्याला गोव्याच्या केसरबाई केरकर दाखवा. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली. गोमंतकीय माणसाचं गाणं याहून लांब कुणी फॉरवर्ड केलेलं नाही. वर आगीचा इमोजीही नव्हता.

वेळ कुठली साधावी? रात्री अडीच ते तीन. ‘आत्ता हे ऐकतोय’ एवढं लिहून ट्रॅक टाका आणि फोन सायलेंटवर टाकून झोपा. तुम्ही वागातोरच्या डोंगरावरच्या पार्टीत आहात असं लोक धरून चालतील. या बाबतीत तुम्हाला थोडी दुहेरी कसरत करावी लागेल, कारण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. वाड्यावरच्या ग्रुपवर शेजारच्या क्लबाच्या दणदणाटाविरुद्ध निवेदन फिरत असेल, तर त्यावर सगळ्यांच्या आधी सही करा. आजीला झोप लागत नाही हे खरंच आहे. आणि त्याच क्लबातल्या त्याच रात्रीच्या सेटचा तुकडा संगीताच्या ग्रुपवर ‘गोवा जागा आहे’ म्हणून टाका. दोन्ही ग्रुपांत असलेला मेहुणा गप्प बसेल. त्यालाही दोन्हीकडे राहायचं असतं. कुणी पाळोळेच्या हेडफोन पार्टीचं उदाहरण देऊन ‘असं शांतपणे नाचता येत नाही का?’ म्हणालं, तर ‘त्यात समूहाची ऊर्जा नसते’ असं सांगा. ऊर्जेचा खरा उपयोग असल्या वेळी कळतो.

तरीही कधी ना कधी एखादा चिकट वाचक निघतोच. कुडाळच्या बाजूचा कुणी इंजिनियर, कंपनीच्या बसमधून येता-जाता हेडफोन लावणारा. तो तुम्ही पाठवलेला ट्रॅक आख्खा ऐकेल आणि तुम्हाला खाजगीत विचारेल, “चौथ्या मिनिटाला सगळं थांबतं आणि मागे लांबून देवळातल्या घंटेसारखं काहीतरी वाजतं, ते कशाचं आहे हो? तीनदा मागे जाऊन ऐकलं.”

उत्तर देऊ नका. तुम्ही चौथ्या मिनिटापर्यंत गेलेलाच नाही. ‘भाई, फील कर’ एवढं लिहा आणि आठवडाभर जाऊ द्या. मग तेच वाक्य आपल्या नावावर टाका: ‘चौथ्या मिनिटाला सगळं थांबतं, तेव्हा लांबून घंटा ऐकू येते का बघा.’ त्या दिवशी अंगठ्यांऐवजी लोक ओळीच्या ओळी लिहितील. कुणी म्हणेल घंटा नाही, झांज आहे. कुणी म्हणेल माझ्या फोनवर येतच नाही. दोघांत वाद लागेल, तिसरा हेडफोनचं मॉडेल विचारेल. हे प्रकरण हाताबाहेर जायच्या आत पुढचा ट्रॅक टाका, त्यावर ‘अंतर्यात्रा, भाग दुसरा’ असं लिहा, आणि फोन चार्जिंगला लावा.