या हाताचं त्या हाताला कळलंच पाहिजे

दान करायचं तुमच्या मनात आलंय, हे चेहऱ्यावरूनच दिसतंय. पुण्यात हा विचार वर्षातून दोनदा येतो. एकदा पितृपक्षात आणि एकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे एकदा वाडवडिलांच्या धाकानं आणि एकदा सीएच्या.

समजा, आपल्या पेठेतलं ते विद्यार्थी वसतिगृह तुम्ही ठरवलंत. जुना वाडा, खाली सायकली, वर पत्रा, आत गावाकडून शिकायला आलेली चाळीसेक मुलं आणि दारावर ‘दुपारी 1 ते 4 कार्यालय बंद’ ही पाटी. (देणगी घेऊन आलात तरी बंद. तेवढा बाणा हवाच.) तिथे जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ‘तुम्हाला गरज कशाची आहे?’ असं चुकूनसुद्धा विचारू नका. कार्यवाह काका साधे आहेत, ते खरं सांगून टाकतील. लाइट बिल म्हणतील, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार म्हणतील, संडासाची टाकी म्हणतील. यातल्या कशाच्या शेजारी उभं राहून तुम्ही फोटो काढणार आहात?

त्यापेक्षा सरळ तुळशीबाग गाठा. स्टीलची अकरा फुलपात्री घ्या आणि त्यांवर नावं घालून घ्या. इथे मात्र कंजुषी नको. कै. आजोबांचं नाव, पुण्यस्मरणार्थ, तिथी, समस्त परिवार, सदाशिव पेठ, हल्ली मुक्काम बाणेर. एवढा मजकूर काठाभोवती एक फेरा घेतो, ‘समस्त’च्या आसपास जागा संपते आणि बाणेर बुडाखाली जातं. मी तिथे अशाच एका फुलपात्रातून पाणी प्यायलोय. पहिला घोट घेताना कैलासवासी थेट ओठांशी येतात. संस्थेच्या कपाटात अशी दोनशेच्या वर फुलपात्री आहेत आणि मुलं चाळीस, हे खरं. पण प्रत्येकाला पाच आजोबा लाभले तर बिघडलं कुठे?

रोख रक्कमच द्यायची हौस असेल, तर ती ‘कायम ठेव’ म्हणून द्या. यासारखा सुंदर प्रकार दुसरा नाही. मुद्दल तुमच्या नावानं बँकेत पडून राहतं, संस्थेनं त्याला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि व्याज कसं वापरायचं, तेही तुम्हीच सांगायचं. आमच्या एका नातेवाइकांनी 5,001 रुपये ठेवले आणि अट घातली, की आमच्या मातोश्रींच्या तिथीला दरवर्षी सर्व मुलांना श्रीखंड-पुरीचं जेवण घालावं. यावच्चंद्रदिवाकरौ. सात टक्के धरले तरी व्याज झालं साडेतीनशे रुपये. साडेतीनशेत चाळीस मुलांना श्रीखंड म्हणजे प्रत्येकी पावणेनऊ रुपये, पुऱ्या त्यातच. उरलेला खर्च संस्था करते. म्हणजे नीट पाहिलं, तर गेली कित्येक वर्षं ती संस्थाच आमच्या नातेवाइकांना देणगी देतेय. वर तिथीच्या सकाळी हे फोन करून विचारतात, ‘श्रीखंड चितळ्यांचंच आहे ना?’

तिथीवरून आठवलं. सर्वपित्रीला अन्नदान करायचं असेल तर नंबर आधीच लावून ठेवा. त्या दिवशी सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत दाते रांगेत असतात आणि मुलांना दुपारी चारला तिसऱ्यांदा खीर खावी लागते. जूनमध्ये फिया, वह्या आणि बसचे पास एकदम अंगावर येतात, तेव्हा रांग नसते. पण जूनमध्ये पितर कुठे येतात?

आता पावती. ही मात्र जीव तोडून मागा. प्राप्तिकराच्या ज्या सवलतीला सगळे 80 जी म्हणतात, तिच्यात अशा संस्थेला दिलेल्या देणगीची साधारणपणे निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. निम्मी, आणि तीही करातून नव्हे, उत्पन्नातून. हजार दिलेत तर पाचशे वजा; वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासकट वाचले 104 रुपये. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर तेही नाहीत, आणि फुलपात्र्यांवर तर काहीच नाही. शिवाय तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळात लागूच होत नाही. म्हणून काय झालं? मागा. एप्रिलच्या चार तारखेला जाऊन 31 मार्चची मागा. काका कार्बन पेपर सरळ करतील, चष्मा कपाळावर घेतील आणि नम्रपणे नाही म्हणतील. मग चार लोकांत सांगता येतं, की या संस्थांचा कारभार काही पारदर्शक राहिलेला नाही.

एका प्रकारापासून मात्र चार हात लांब राहा. बँकेला सांगून दरमहा दोनशे रुपये आपोआप कापून द्यायचे, हा तो प्रकार. हार नाही, नारळ नाही, फळ्यावर नाव नाही. महिन्याच्या पाच तारखेला मोबाइल एकदा थरथरतो आणि संपलं. संस्थेला म्हणे याचाच आधार वाटतो, कारण पुढच्या महिन्यात किती येणार हे आधी कळतं. वाटेना का! पूर्वी याच पेठांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. दर आठवड्याला एक पान जास्त वाढायचं, पावती नाही, पाटी नाही. मागासलेले लोक होते. अंताजी दामोदर काळ्यांनी तर माणशी वर्षाला एक पैसा मागितला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि 1908 साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. एका पैशाच्या दात्याचं नाव कुठे कोरणार? तेव्हा स्टीलची फुलपात्री नव्हती हो, म्हणून फसले बिचारे.

गेल्या आठवड्यात मी स्वतः काकांकडे गेलो होतो. आमच्या तीर्थरूपांचं पहिलं वर्षश्राद्ध येतंय. काकांनी न विचारताच ड्रॉवरमधून लाइट बिल काढून टेबलावर ठेवलं. 6,240 रुपये. रक्कम मला झेपण्यासारखी होती, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, “यावर स्मरणार्थ वगैरे घालता येईल का?”

काकांनी बराच विचार केला. “मीटरवर छोटी पट्टी लावू. पण मीटर जिन्याखाली आहे.”

“जिन्याखाली कोण बघणार?”

“रीडिंगवाला येतो की महिन्यातून एकदा.”

घरी विचारून सांगतो म्हटलं. बिलाची मुदत अठरा तारखेपर्यंत होती. आज वीस आहे.