लाइट विझली म्हणजे प्रेशर आलं असं नसतं दादा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हाच उत्तर लिहिणार होतो, पण रागात लिहिलं असतं म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मिनी ट्रॅक्टर गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) ऑइल प्रेशरची लाल लाइट लुकलुकायला लागली तर काहीही बदलायच्या आधी ती लाइट लावणारा प्रेशर स्विच काढा, त्या जागी काट्याचं गेज लावा आणि ऑइलचं प्रेशर मोजा. त्यावर दादा म्हणतात, "हे गेज-बिज पुस्तकी पोरांचे चाळे, स्विच नवा टाका, लाइट बंद, विषय संपला." शिवाय ऑइल २०-५० (म्हणजे घट्ट ग्रेडचं) टाकावं, ऑइल फिल्टर भरून बसवावा हे मी लिहिलं नाही, आणि लेख उगाच लांबवलाय, असंही म्हणणं आहे.

फिल्टरचं बरोबर आहे. ज्याचं तोंड बसवताना वर येतं तो फिल्टर आधी ऑइलने भरून घ्यावा, ही ओळ लेखात घालतो. आडवा बसतो त्याला ते जमत नाही, अर्धं ऑइल अंगावर येतं.

आता "पुस्तकी पोरं". माझ्या वडिलांनी निफाड भागात आयुष्यभर ट्रॅक्टरची इंजिनं बांधली, मी शाळेतून आलो की दप्तर ठेवून चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) धुवायला बसायचो, नोझल टेस्टिंगला पंप मारायचो. हाताची कातडी डिझेलने सोललेली असायची तेव्हा. तुम्हाला माझं म्हणणं पटलं नाही तर तसं लिहा ना, पण ओळख ना पाळख, एकदम चाळे? वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी असं बोलत नाही आणि माझ्याशीही कुणी बोलू नये ही अपेक्षा आहे.

आणि "लाइट बंद, विषय संपला" हे वाक्य तर मला झोंबलंच, कारण याच वाक्यावर मी इंजिन गेलेलं बघितलंय. आमच्याकडे एका द्राक्षवाल्याचा ट्रॅक्टर आला होता, ऑक्टोबर छाटणीनंतरचा काळ, ढगाळ हवा, डावण्या रोगाची भीती, रोज फवारणीचा ब्लोअर चालू. दिवसभर पीटीओच्या (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) रेसला चालायचा तेव्हा काही नाही, टाकी भरायला आला आणि रेस उतरवली की लाइट लुकलुकायची. दुसरीकडे कुणीतरी नवा स्विच टाकून दिला, लाइट गेली, मालक खूश. वर सांगायचे काय, की आमचं इंजिन ऑइल खात नाही, उलट ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल वाढलेली दिसते! अहो, ऑइल वाढेल कुठून? डिझेल पुरवणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत होतं. पट्टीचा नुसता वास घेतला असता तरी कळलं असतं. वडिलांनी चेंबर खोलला तेव्हा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरून गेलेलं आणि क्रँकचं जर्नल (ते बेअरिंग जिथे बसतं तो भाग) तापून निळं पडलेलं. ऐन फवारणीत ट्रॅक्टर उभा, माणूस रडायचा बाकी होता.

स्विच काय करतो हे नीट समजून घ्या. तो प्रेशर मोजत नाही. प्रेशर साधारण अर्ध्या किलोच्या (चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो, पुढचे किलोही तसेच) खाली आलं की वायर बॉडीला टेकवतो, लाइट लागते, वर गेलं की सोडतो, बस. एक स्विच जरा वर सोडेल, दुसरा जरा खाली, म्हणजे नवा टाकून लाइट गेली तरी आत काहीच बदललेलं नसू शकतं. कुबोटाच्या छोट्या तीन सिलेंडरच्या इंजिनांचं उदाहरण घ्या, गरम असताना आयडलला अर्ध्या किलोच्या वर आणि पूर्ण रेसला दोन ते साडेचार किलो हवं. आता पूर्ण रेसला एकच किलो आहे समजा, लाइट बंदच राहणार आणि बेअरिंग मरत राहणार! हे तुमचा नवा स्विच कसं सांगणार ते मला सांगा.

स्विच खराब असतोच की कधी कधी, मी कुठे नाही म्हटलं. वायर काढून हवेत धरा, तरी लाइट पेटलेली असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, स्विचचा संबंधच नाही. पण स्विच खराब आहे हे सिद्ध करायलाही गेजच लागतं ना? बऱ्याच छोट्या इंजिनांना तिथे १/८ इंचाचे टेपर आटे असतात, तेवढा अडॅप्टर आणि टेप लागते. गेज लावलं की कळतं, थंडपणी चांगलं आणि गरम झाल्यावर पडतंय तर ऑइल पातळ झालंय नाहीतर बेअरिंग झिजलंय, थंड-गरम दोन्हीला कमी तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) कचऱ्याने उघडा अडकलाय का, त्याची स्प्रिंग बसलीय का, पंप झिजलाय का ते बघा, आणि रेस वाढवली की काटा थरथरतोय तर चेंबरमधली ऑइल गाळायची जाळी नाहीतर ऑइल ओढणाऱ्या सक्शन पाइपची ओ-रिंग (रबरी कडी) बघा. जादा सिलिकॉन लावून चेंबर बसवणारे लोक ती जाळी कशी बुजवतात हा वेगळा लेख होईल.

२०-५० बद्दल एवढंच, डिझेल उतरत असेल तर तेही पातळ होणार, आणि झिजलेलं बेअरिंग घट्ट ऑइलने भरून येत नाही. लांबीबद्दल काय बोलू, ज्याला नको त्याने वाचू नये.

गेज विकत घ्यायचं नसेल तर कुठल्याही बऱ्या गॅरेजवाल्याकडे असतं, तासाभरासाठी मागा. ट्रॅक्टर ब्लोअरवर चांगला गरम करा आणि तीन रीडिंग इथेच टाका, थंड आयडल, गरम आयडल आणि पीटीओच्या रेसला. सोबत पट्टीवरची लेव्हल वाढतेय का कमी होतेय तेही लिहा. आकडे आले की मी नक्की उत्तर देईन, फक्त यापुढे पुस्तकी पोरगं म्हणू नका.