‘पिशवीपुराणा’बद्दल, एका वाचकाला

श्री. (की श्रीमती?) गोदाकाठकर,

हे आपलं खरं नाव नसावं, पण दुसरं दिलेलं नाही. नाशिकच्या बुधवारच्या बाजारातल्या प्लास्टिक पिशव्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘प्लास्टिक कंपन्या बनवतात, जाब त्यांना विचारा. गंगापूर रोडवर राहून भाजीवालीला पिशवीपुराण ऐकवणं सोपं असतं. आणि पिशवीची मर्यादा ७५ मायक्रॉन नाही, १२० आहे.’

शेवटचं आधी. चूक माझी. पिशवीची जाडी किमान ७५ मायक्रॉन हवी, ही मर्यादा सप्टेंबर २०२१ची. ३१ डिसेंबर २०२२पासून ती १२० झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. दाखवलेली चूक मी मान्य करतो, एवढं तरी ध्यानात यावं.

आता गंगापूर रोड, म्हणजे शहरातली सुखवस्तू वस्ती. मतभेदाला ना नाही, पण माणसाचा पत्ता काढून त्याला गप्प बसवायचं ही कुठली रीत? गंगापूर रोडला मी आलो पन्नाशीनंतर, तेही मुलाच्या फ्लॅटमध्ये. वाढलो जुन्या नाशकात, दहीपुलाजवळ. पुढे वडिलांचं किराणा दुकान, मागे दोन खोल्या. साखर, डाळ, रवा, सगळं रद्दीच्या पुडीत. मला पाढे यायच्या आधी पुडीला दोरा गुंडाळता यायला लागला. तेलाला गिऱ्हाइकाने घरून किटली आणायची. विसरलं की वडील परत पाठवत. बायका पुटपुटत जायच्या आणि किटली घेऊन यायच्या. पिशव्या आई जुन्या धोतरांच्या शिवायची. आमच्याकडे कापडी पिशवीचं कुणाला कौतुक नव्हतं. दुसरी परवडत नव्हती म्हणून ती होती.

मग शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आल्या. पहिली माळ टांगायला खिळा मीच ठोकला. बाटली न परवडणारं गिऱ्हाईक एक पुडी तोडून न्यायचं आणि संध्याकाळपर्यंत ती दुकानासमोरच्या गटारीत दिसायची. वडील रोज सकाळी झाडूने त्या गोळा करत. (माळ त्यांनी मागवली नव्हती, वितरकाचा माणूस आपणहून देऊन गेला होता. पण तो मुद्दा वेगळा.)

तेव्हा भाजीवालीला मी माडीवरून उपदेश करत नाही. मी फळीच्या तिच्याच बाजूला बसून मोठा झालो. आणि बाजार उठल्यावर गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) कचरा वेचायला पोतं घेऊन फिरताना माझ्या हाताला जास्त काय लागतं, तर कोथिंबीर-मिरचीच्या पातळ, चुरगळलेल्या पिशव्या. त्यांच्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नसतं. जाब कुणाला विचारू? २०२४ साली ८४ देशांतल्या कचऱ्याच्या मोजणीचा अभ्यास आला, त्यातही जवळपास निम्म्या तुकड्यांवर नाव सापडलं नव्हतं. नाव असलेल्यांतला निम्म्याहून अधिक कचरा फक्त ५६ कंपन्यांचा निघाला, हे तुम्ही सांगालच, म्हणून मीच सांगून टाकतो.

बाकी कंपन्यांचं म्हणाल तर केंद्राच्या २०१६च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहेच. राज्याच्या २०१८च्या बंदीत दुधाच्या पिशवीवर परतीचे किमान ५० पैसे छापायचं ठरलं होतं. मला ते आजवर कुणी दिले नाहीत. त्यावर कधीतरी लिहीन. त्या लेखाचा तो विषय नव्हता.

आता मी विचारतो. कंपन्यांना जाब विचारा म्हणणाऱ्या तुम्ही स्वतः एक तरी पत्र टाकलंय का? मी दोन टाकली. उत्तर आलं नाही, पण टाकली. टोपणनाव घेऊन दुसऱ्याचा पत्ता चव्हाट्यावर मांडण्यापेक्षा ते बरं. हे वाक्य जरा तिखट झालं, पण राहू दे.

बाजार उठल्यावर दर बुधवारी मी तिथे असतो. पोतं माझ्याकडे जास्तीचं आहे.

आणि हो, ‘पिशवीपुराण’ शब्द आवडला. पुढच्या लेखाला तेच शीर्षक देणार आहे; हरकत असेल तर खऱ्या नावाने कळवा.